इंद्रकुमारचं माहेर

“‘असा बायकोचा गुलाम कुठं राहते का? लेखकालेच भाकरी थापाले बसवा,’” दुधरामनं मोबाईलमधून वाचलं.

नंदाबाई तोंडाला पदर लावून हसली. “कोन हाय थो?”

“ट्रकवाला दिसते रायपूरकडचा. आता हे आयक. अमरावतीची मास्तरीन हाय. ‘इंद्रकुमारसारखा नवरा कोन्या दुकानात भेटते? पत्ता पाठवा.’”

“अमरावतीची मास्तरीन आपल्यावानी बोलते?”

“मी आपल्यावानी वाचून राहिलो,” दुधराम म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

साखरेच्या आजारानं नंदाबाईचे डोळे गेले, तेव्हापासून सडक अर्जुनीच्या त्या घरातलं सगळं दुधरामच्या अंगावर आलं होतं. जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा गिलास न घेतलेला माणूस सत्तरीत भात शिजवायला शिकला. भात कच्चा राहिला तरी ती चावत बसे, बोलत नसे. कुडव्याला राहणाऱ्या नातीनं, नीतूनं, आजोबांच्या मोबाईलमध्ये गोष्टींचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. जेवणं झाली की दुधराम एक भाग वाचून दाखवी आणि मग खाली वाचकांनी काय काय लिहिलंय तेही.

गोष्ट दोनशे वर्षांनंतरची होती. बायका चंद्रावर कामाला जात, पुरुष घर सांभाळत. लग्न झालं की नवराच बायकोच्या घरी नांदायला येई. तारिणी मोठी साहेबीण. इंद्रकुमारवर तिचा जीव. कामावरून येताना त्याच्यासाठी गजरा आणी आणि तो लाजे. नंदाबाईला मात्र त्या दोघांपेक्षा खाली भांडणारे वाचकच जास्त आवडत. हायवेवरून दिवसभर गाड्या जात, घरात माणूस येत नसे. तिला वाटे, तेवढा वेळ ओसरी माणसांनी भरली.

एका दुपारच्या भागात इंद्रकुमारची आई आजारी पडली. त्यानं माहेरी जायला विचारलं. तारिणी म्हणाली, घरी पाहुणे येणार आहेत, ते गेल्यावर जा. तो पाहुण्यांना वाढत होता, तेव्हाच आई गेल्याची खबर आली.

दुधराम वाचायचा थांबला.

तिचा बाप गेला तेव्हा धानाचा रोवणा चालू होता. बापानं बोलावणं धाडलं होतं. दुधराम म्हणाला होता, बांध्या पाण्यानं भरून आहेत, एवढी लावणी झाली की जा. ती पोचली तेव्हा राखही थंड झाली होती. त्यावर ती कधी बोलली नाही, त्यानंही विषय काढला नाही. ह्यांना आठवत तरी असेल का, तिच्या मनात आलं.

“लोकायनं काय लिहिलं?” तिनं विचारलं.

दुधरामला बराच वेळ लागला. “एक जन लिहिते, ‘मी बी माह्या बायकोले असाच अडवलो होतो. तिची माय गेली. आता मले झोप येत नाई.’”

नंदाबाईचा चेहरा आवळला. “लिहा त्याले. तवा काऊन नाई सुचलं म्हनावं.”

“एवढं कडू लिहू?”

“लिहा.”

काचेवर बोटं वाजलेली तिनं ऐकली.

दुसऱ्या दिवशी गोष्टीआधी तिनं तेच विचारलं. “जवाब आला का त्याचा?”

“आला. ‘बाई, तुमचं खरं हाय. पन आता मी काय करू?’”

“बायको जिती हाय त्याची?”

“हाय.”

“मंग मले कायले विचारते? तिच्यासमोर जाऊन बोल म्हना. साऱ्या दुनियेले सांगून काय होते?”

“तिनं माफ नाई केलं तर, म्हनते.”

“नाईच केलं पाह्यजे,” नंदाबाई म्हणाली. “वाट पाहून पाहून बाईचं काळीज गोटा होते. तेबी लिहा.”

या वेळी बोटं वाजली नाहीत. दुधराम उठून आत गेला. भात करपल्याचा वास आला, तिनं दोनदा हाक मारली, तरी तो आत तसाच उभा होता.

मग काही दिवस गोष्ट झालीच नाही. नेटवर्क नाही, तो सांगे. एका संध्याकाळी तो तिच्या खाटेशेजारी येऊन बसला आणि बसूनच राहिला.

“काय जी?” तिनं विचारलं.

“काई नाई. चहा मांडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भांडी घासता घासता तो कलंडला. हातात राख तशीच होती. शेजारच्यांनी गाडी आणली, पण दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

तेरवी झाली. मुलगा धर्मेंद्र आईला कुडव्याला न्यायला थांबला होता. नीतू आजीची लुगडी पिशवीत भरत होती. नंदाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“नीतू, बुढ्याच्या मोबाईलात ते गोष्ट पाह्य न. एका मानसाले मी लई कडू बोलली. त्याची बायको जिती हाय. त्याले लिही, जाऊन बोल म्हना तिच्याशी. थे माफ करते. बाई करते माफ. आता मले समजते.”

“कोणता माणूस, आजी?”

“खाली पाह्य न, लोकं लिहितेत तिथं. बायकोले मायच्या मातीले जाऊ देलं नाई म्हने, थो.”

नीतूनं गोष्ट उघडली. ती खाली गेली, पुन्हा वर आली, एकेक भाग उघडून पाहू लागली.

“आजी,” ती म्हणाली, “इथं कोणीच नाही. सगळ्या भागांखाली एकच ओळ आहे. ‘अजून एकही प्रतिक्रिया नाही. पहिली प्रतिक्रिया तुम्ही द्या.’”