जादा ब्रेक

बाबांनी तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा; शिकणाऱ्याने वेळेवर दाबला नाही, तर ते दाबायचे.

आता डॉक्टर म्हणत होते, उपचार थांबवा, हॉस्पिसमध्ये न्या, दुखणार नाही एवढंच बघू. पण बाबांना सांगायचं कोणी? ताई आणि मी आठवडाभर एकमेकांवर ढकलत होतो. शेवटी आज मीच एका दमात बोलून टाकलं. ताईने डोळे गच्च मिटले.

बाबांनी उशीखालून हॉस्पिसचा फॉर्म काढला. खाली त्यांची सही होती, महिनाभरापूर्वीची.

"बाबा! मग आधी का नाही सांगितलंत?"

"माझा पाय ब्रेकवरच होता रे," ते कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. "पण तुमचा तुम्ही दाबलात ना? आता माझ्याशिवाय चालवाल."