गेरूचा हात

कुरुळीत नागीण उठली की माणसं माझ्या मावशीकडे येत. ती फोडांभोवती गेरू लावायची. आईलाही तिनेच लावला, डॉक्टरकडे आम्ही नंतर गेलो. फोड सुकले, पण आग राहिली. त्यातच आई खंगली आणि गेली. वर्षश्राद्धानंतर मी म्हणाले, “मावशी, नागिणीवर लस असते. मी घेणार आहे, तूही घे.” ती चिडली. “मीच सुई टोचून घेतली, तर गाव हसंल न्हाई व्हय?” “हसू दे.” गेरूची वाटी बाजूला सारत तिने विचारलं, “माझ्या गेरूपायी उशीर झाला का गं?” खोटं बोलणं सोपं होतं. “झाला,” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच माझ्याबरोबर चाकणच्या दवाखान्यात आली. सिस्टरने विचारलं, “आजी, कामाचा हात कोणता? दुसऱ्यात देते. दंड दुखतो.” मावशीने उजवा पुढे केला. “ह्योच. ह्यातच दे. दुखला म्हंजी येणाऱ्यांना हितंच धाडीन.”