पासवर्ड बाईंकडे होता

दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी पासवर्ड टाकला, तर लेकीकडे जायची रखडलेली रजा मंजूर होती. डॉक्टरांच्या मेहुण्याला फोटोतले दात पांढरे करणारा फुकटचा प्रोग्राम हवा होता. ब्राउझरने धोक्याचं लाल पान दाखवून अडवलं, ते त्याने माशीसारखं झटकलं. आता प्रोग्राम बसवायला दवाखान्याचा कॉम्प्युटर पासवर्ड मागत होता. डॉक्टर तो कधीच विसरले होते. “टाका की बाई, तुमचं काय जातंय?” मेहुणा म्हणाला. “माझं काही नाही. बाराशे पेशंटांच्या नोंदी यातच आहेत.” “अहो, घरचाच माणूस आहे,” डॉक्टर आतून म्हणाले. “मग घरचा कॉम्प्युटर द्या त्यांना.” बाईंनी ‘नाही’वर क्लिक केलं. “रजेचं विसरा,” डॉक्टर म्हणाले. “विसरले.” मेहुणा फणफणत बहिणीकडे गेला, डॉक्टरांनी आठवडाभर बायकोचा अबोला सोसला. बाईंची रजा गेली. बाहेर गाल धरून बसलेल्यांना काही कळलं नाही. त्यांचं काही गेलंही नाही.