पांढरी ओळ

खोकल्याच्या औषधाच्या लेबलावर तांबड्या पट्टीत पांढरी ओळ होती: 'दोन वर्षांखालील बाळांना देऊ नये.' स्क्रीनवर ती ठळक दिसत होती, पण छापून आलेली पट्टी नुसतीच तांबडी होती.

प्रेसच्या मालकांना डीटीपी करणाऱ्या बाईंचाच संशय आला. "फाइलला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागत नाही," असं म्हणून ते त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले.

बाईंनी छपाईच्या चारही रंगांच्या प्लेटा स्क्रीनवर वेगवेगळ्या करून पाहिल्या. पांढरी अक्षरं म्हणजे कोरा कागद, पण तांबड्या पट्टीत त्यांची जागा मोकळी सुटलीच नव्हती. फक्त त्या एका ओळीला 'ओव्हरप्रिंट'ची खूण होती. म्हणजे छापताना तांबडा रंग अक्षरांवरूनच जाणार.

"ही खूण कोणी केली?" मालकांनी विचारलं.

बाईंनी औषध कंपनीच्या मेलमधली मूळ फाइल उघडली. खूण तिथेही होती.

मालकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच कंपनीला फोन लावला. "तुमच्या फाइलमधली चूक सापडली. आता ओळ नीट छापली जाईल."

पलीकडचा माणूस म्हणाला, "ती ओळ वाचून लोक बाटली परत ठेवतात हो. सरकारी मंजुरीला स्क्रीनवर दिसली, तेवढं बास. तुम्ही आधी दोनदा छापलंत तसंच छापा."

मालकांनी फोन ठेवला. खुर्ची ओढून ते बाईंच्या शेजारी बसले.

"बाई, ती आधीची लेबलं कुठे कुठे गेली, ते शोधता येईल का?"