आधी आरसा

"चिमणी कुठंय?" म्हाताऱ्यांनी विचारलं. पाच वाजले होते. ते रोज पाचलाच विचारत.

मुलानं पँटला लावलेली सायकलची क्लिप काढून खिशात टाकली आणि तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. "बाबा, चिमणी गेली. दोन वर्षं झाली. अंगणात गाडी मागे घेताना."

"कोण घेत होतं?"

"मी."

नर्सबाई गोळीची वाटी धरून खिडकीपाशी उभ्या होत्या. या घरात त्यांचा चौथा दिवस. अकरा घरं पाहिलेल्या बाईला माणसं कप्प्यात लावायला चार दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. म्हातारे सोन्यासारखे. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेलं, चर्चमध्ये पहिल्या बाकाचा मान. आता आठवणींची पार चाळण झालेली. मुलगा चष्म्याचा दुकानदार. स्वतःच्या पाच वर्षांच्या लेकीचा जीव घेऊन बसलेला. आणि सून, ओठ शिवल्यासारखी. सासऱ्यांचं ताट वेळेवर वाढायची, पण दाराबाहेरच्या टेबलावर ठेवून मागे फिरायची. उंबरा ओलांडायची नाही. नवरा आत बसलेला असतो ना, नर्सबाईंनी ताडलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मुलाला विचारलं होतं, "रोज कशाला जखम उकरता? मामाकडे गेलीय म्हणून सांगावं."

"सांगून पाहिलं. मग ते शोधायला अंगणात जातात. गाडीपाशी उभे राहतात आणि..." पुढचं त्यानं गिळलं होतं.

पाचची गोळी हृदयाची. चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण मुलाला माफ केल्याशिवाय म्हातारे तोंड उघडत नसत. एरवी पंधरा मिनिटांत निभायचं. आज पावणेसहा होत आले होते.

"आरसा बघितला होतास?"

"नाही."

"अख्ख्या गावाला शिकवलं मी. आधी आरसा, मग गिअर. दगडालासुद्धा पाठ झालं असतं. आणि माझ्या पोटचा तू. लोकांच्या नाकावर चष्मे चढवतोस, तुला स्वतःची पोर दिसली नाही?"

"नाही दिसली."

रोज इथवर आलं की राग उतरायचा. आज उतरला नाही. म्हाताऱ्यांनी भिंतीवरच्या लाकडी क्रूसाकडे बोट केलं.

"त्याच्याकडे बघ. न केलेल्याची शिक्षा भोगली त्यानं, तोंडातून ब्र काढला नाही. तुला मात्र केलेल्याची माफी पाहिजे. तीही घरबसल्या."

"पाहिजे, बाबा."

"नाही मिळायची. नर्सबाई, पोलिसांना फोन लावा."

नर्सबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्यांच्या ओठांकडे. ओठ निळसर पडायला लागले होते. बाहेर टेबलावर ताट टेकल्याचा आवाज झाला. परत जाणारी पावलं मात्र ऐकू आली नाहीत.

चादरीखाली म्हाताऱ्यांचा उजवा पाय हलला, काहीतरी दाबल्यासारखा. कपाळावर आठी चढली.

"मी कुठे होतो तेव्हा?"

"आत होतात," प्रश्न संपायच्या आत मुलगा म्हणाला. "इथंच, या खोलीत. प्रार्थनेला बसला होतात. तुम्हाला काही ऐकूसुद्धा आलं नाही."

"नक्की?"

"नक्की. गाडीत मी होतो. मी एकटाच."

त्याच्या मानेवरून घाम ओघळला. चोराच्या मनात चांदणं, नर्सबाई मनाशी म्हणाल्या.

मुलगा स्टुलावरून उतरला आणि फरशीवर गुडघे टेकून बसला. "चूक माझी आहे, बाबा. दुसऱ्या कुणाची नाही. मला माफ करा."

चादरीखालचा पाय थांबला. मग म्हाताऱ्यांचा हात मुलाच्या डोक्यावर आला.

"देवानं माझं काय काय पोटात घातलं असेल, कुणाला ठाऊक," म्हातारे पुटपुटले. "मी कोण अडवणारा? जा. केलं माफ. आता तूही स्वतःला कर."

त्यांनी तोंड उघडलं. गोळी गेली. दहा मिनिटांत ते तान्ह्या बाळासारखे झोपले.

रिकामी वाटी घेऊन नर्सबाई स्वयंपाकघरात गेल्या. सून ओट्याशी उभी होती. जीभ आवरणं नर्सबाईंच्या स्वभावात नव्हतं.

"लहान तोंडी मोठा घास घेते. पण क्षमा किती वेळा करायची तो आकडा आपण चर्चमध्ये लहानपणीच पाठ करतो ना? सत्तर गुणिले सात. म्हाताऱ्यांनी तो केव्हाच ओलांडला असेल. तुम्हाला एकदासुद्धा जमू नये?"

सून ओला हात पदराला पुसत राहिली. "रोज ठरवते. ताट घेऊन दारापर्यंत जाते. पुढे पाय उचलत नाही."

"एवढं काय अवघड आहे? गाडी मागे घेताना चुकला बिचारा. आपलंच माणूस ना?"

"हो. आपलंच माणूस."

सुनेनं खिडकीतून बाहेर पाहिलं. नवरा पँटला क्लिप लावून, ताडपत्रीखाली झाकलेल्या गाडीला वळसा घालून, दुकानाकडे निघाला होता.

"ह्यांना फक्त सायकल चालवता येते, नर्सबाई," ती म्हणाली. "या घरात गाडी चालवता येते ती एकट्या बाबांना."