बुचाचं पॅकिंग

पुंडलिकरावांनी धुऊन कोरड्या केलेल्या इंजिनावर बायकोच्या, तानाबाईंच्या, डब्यातली रांगोळी फडक्याच्या पुरचुंडीनं थोपटली, वरपासून खालपर्यंत, आणि धाकट्या भावाला म्हणाले, "कर सुरू."

गोमाजीनं हँडल मारलं. मिलिटरीच्या लिलावातला तो जुना ट्रक खोकत, कुरकुरत एकदाचा जागा झाला. अंगणातल्या कोंबड्या पळत सुटल्या. जिथं रांगोळी भिजेल तिथून ऑइल गळतंय, इतकं ते सोपं होतं. गोमाजी मात्र खाली वाकून बघेना.

पावसाळ्यात पुंडलिकरावांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात मागे राहिला. दिवाळी सरली, आंजी गावचा कापूस वर्ध्याच्या जिनिंगला न्यायचे दिवस आले, तेव्हा त्यांनी हट्टानं इंजिन घरीच खोललं. खालचं ऑइलचं चेंबर, जोडातून गळू नये म्हणून मध्ये बुचाचं नवं पॅकिंग घालून, बसवलं आणि सगळे बोल्ट त्याच उजव्या हातानं कसले. काय तो चेहरा फुलला होता! मग ते आंघोळीला गेले आणि इकडे गोमाजीच्या मनात पाल चुकचुकली. त्या हातात कसला आलाय जोर? तो गुपचूप ट्रकखाली शिरला आणि दात-ओठ खाऊन एकेक बोल्ट आणखी आवळला. दादाचा मानही राहील आणि कामही पक्कं होईल, असा त्याचा शहाणपणा. बूच फार दाबलं की चिरतं, हे दादानंच त्याला शिकवलं होतं. पण त्या घटकेला शिकलेलं कुठं आठवतं? पहिल्याच खेपेनंतर ट्रकखाली ऑइलचं थारोळं दिसलं, तेव्हा आठवलं.

"वरच्या झाकनातूनच येत असंल, दादा," तो आता आशेनं म्हणाला. ऑइल वरून खाली ओघळतं, म्हणून शोध वरूनच घ्यायचा. पण वरची रांगोळी पांढरीशुभ्र होती.

"मंग फिल्टर?"

फिल्टरही कोरडा.

पुंडलिकराव गोणपाटावर आडवे होऊन खाली सरकले. चेंबरच्या जोडावर रांगोळी चहूकडून काळी पडली होती. ते बाहेर आले, पण उठले नाहीत. गोणपाटावरच बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. नवऱ्यासाठी पाणी घेऊन आलेल्या तानाबाई तिथंच थांबल्या.

"माह्ये बोल्ट ढिले राह्यले," पुंडलिकराव म्हणाले. "गेला हात तो गेलाच. गोमाजी, बोल्टचे पाने आता तूच घे. चेंबर खोलजो, पॅकिंग बदलजो. मी इंजिनाले हात नाई लावत आजपासून."

तानाबाईंनी पदर तोंडाला लावला.

गोमाजीची तर सुटकाच झाली होती. चेंबर तो एकटाच खोलणार, चिरलेलं बूच चुलीत टाकणार, कोणाला कानोकान खबर लागणार नव्हती. दादा घरात बसून राहील, एवढंच. एवढंच? त्याला स्वतःचीच किळस आली.

"दादा, तुमचे बोल्ट ढिले नव्हते," तो बोलून गेला. "तुमी आंघोळीले गेलते, तवा मी ते पुन्ना कसले. एकबी ढिला नव्हता, तरी कसले. पॅकिंग माह्या हातानं चिरलं. मले तुमच्या हातावर भरोसा नव्हता, दादा."

त्यानं मान खाली घातली. शिवी आली असती, थोबाडीत बसली असती, तरी त्यानं ती गोड मानली असती. शेवटी त्यानं भीत भीत वर पाहिलं. पुंडलिकरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ते त्याच्याकडे बघतही नव्हते. उजवा हात वर धरून ते बायकोला म्हणत होते,

"आयकलं काय वो? एकबी ढिला नव्हता म्हनते हा!"