दोन बायांचं काम

कामात फुकट जाणारा वेळ कसा वाचेल, असं कारंज्याच्या दालमिलच्या नव्या मॅनेजरनं सगळ्यांना विचारलं. सासू बेबीबाईच्या शेजारी बसून डाळीतले खडे वेचणारी अंजना म्हणाली, "साहेब, चाळणी डाळ येते त्या पट्ट्याच्या तोंडाशी ठेवली तं खडे आधीच गळतीन."

आठ दिवस तसं करून पाहिलं. मॅनेजरनं सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली. मग बाजूला बोलावून म्हणाला, "आता तिथं एकच बाई पुरते. उद्यापासून सासूबाईंना आणू नको."

अंजनानं मान डोलावली. सुटी झाल्यावर ती फाटकाकडे निघाली.

फाटकाशी बेबीबाई वॉचमनला कौतुकानं सांगत होती, "माह्या सुनेनं सुचवलं ना भाऊ, मनून माह्या डोयाईले आराम भेटला!"